पालेभाजीचा मळा आणि बिनकागदाचा खंड

मेथीच्या जुडीवर अग्रलेख लिहिलेला पाहून आमच्या काही वाचकांच्या मुद्रेवर स्मित उमटेल, हे आम्ही जाणून आहो. ऊस, कापूस अथवा कांदा यांचे भाव घसरले की सभा भरतात, रस्ते अडतात, विधिमंडळात खडाजंगी होते. पालेभाजीस असा कोणी वाली नाही. ती पहाटे बाजारात येते, संध्याकाळपर्यंत सुकते, आणि पिकविणाऱ्याची तक्रारही तिच्याबरोबरच सुकून जाते. तथापि ज्या जिनसेवाचून शहरातील एकही चूल सहसा राहत नाही, जी पिकविण्यात गावोगावच्या अल्पभूधारकांची, आणि विशेषतः त्यांच्या बायकांची, हाडे झिजतात, तिचा विचार करावयास आमच्या पत्रात जागा नसेल तर ती जागा कशासाठी राखून ठेवावयाची, हे आम्हांस कळत नाही.

या विषयाची चर्चा निघाली म्हणजे शहाणी माणसे एक ठराविक निदान सांगतात. आमचा भाजीवाला शेतकरी जुन्या वळणाचा, त्यास बियाण्याची पारख नाही, खताचे प्रमाण ठाऊक नाही, औषध किती व केव्हा मारावे हे तो शिकत नाही. म्हणून त्याच्या गुंठ्यास उत्पन्न कमी. यावर तोड म्हणून शिबिरे भरवावीत, पत्रके वाटावीत, मोबाइलवर सल्ले धाडावेत. शिक्षणाचे वैरी आम्ही नाही. शिबिरे अवश्य भरोत. परंतु हे निदान अपुरे आहे, इतकेच नव्हे तर रोग्याच्या माथी दोष मारून वैद्यास मोकळे करणारे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालेभाजीचे उत्पन्न वाफ्यात जितके ठरते त्याहून अधिक वाफ्याबाहेर ठरते. जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क किती, पाणी त्याच्या हाती कोणत्या वेळी येते, आणि बाजारात त्याची मान कोणाच्या हाती असते, या तीन गोष्टींचा उलगडा झाल्यावाचून बियाण्याची व खताची चर्चा म्हणजे पाया न खणता भिंतीस गिलावा करण्यासारखे आहे.

आधी हे पीक अल्पभूधारकाच्याच वाट्यास का आले ते पाहू. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी दाखविले की, १७७१ साली या गावात सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. त्यानंतरचा इतिहासही त्याच दिशेचा आहे. महाराष्ट्रातील सरासरी वहितीची धारण १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टर भरली. म्हणजे साडेदहा एकरांची साडेतीन एकरांच्या आत आली; आणि ही सरासरी आहे, तिच्या खालीच बहुसंख्य आहेत. ज्याच्यापाशी एकरभरच जमीन आहे त्याने ऊस लावून दीड वर्ष वाट कशी पाहावी? मेथी महिना-सव्वा महिन्यात उपटावयास येते, कोथिंबीर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत, आणि पालक एकदा पेरला की तीन-चार कापण्या देतो. वर्षात तीच सरी अनेक वेळा पिकते आणि हातात रोख पैसा खेळतो. तेव्हा पालेभाजी ही अडाण्याची निवड नसून थोड्या जमिनीत संसार चालविणाऱ्याचा तो पुरता विचारी हिशेब आहे. ज्या पिंपळे सौदागरची डॉ. मान यांनी पाहणी केली तेथे आज मळे नाहीत, उंच इमारती आहेत. मळा शहराच्या पुढेपुढे हटत जातो आणि शहर त्याच्या मागेमागे येते. हा जो शहराच्या कडेचा पट्टा, तेथेच आमच्या आजच्या विषयाचे खरे मर्म आहे.

या पट्ट्यातील जमिनीचा मालक पुष्कळदा स्वतः शेती करीत नाही. तो नोकरीस असतो, किंवा धंद्यात असतो, आणि जमिनीचे प्लॉट पडण्याची वाट पाहत असतो. तोवर ती पडीक राहण्यापेक्षा कोणी तरी कसावी म्हणून तो ती खंडाने किंवा वाट्याने देतो. परंतु कशी? तोंडी. कागद नाही, मुदत नाही, पावती नाही. वकिलीच्या धंद्यात असता आमच्याकडे असाच एक मळेकरी आला होता. अकरा वर्षे तो एकाच मालकाची वीस गुंठे जमीन करीत होता. परंतु मालक त्यास दर वर्षी या तुकड्यातून त्या तुकड्यात हलवी, की एकाच जागी त्याचे बूड टिकू नये. एका वर्षी गारपीट झाली, पंचनामे झाले, सरकारची मदत आली, आणि ती ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याच्या खात्यात जमा झाली. मेथी गेली याची, पैसे मालकास मिळाले त्याची! त्या मनुष्याने आमच्यापुढे पिशवीतून आडत्याच्या विक्रीपट्ट्यांचा गठ्ठा काढून ठेवला. प्रत्येक पट्टीवर त्याचे नाव होते. ‘साहेब, माल माझाच होता हे एवढ्यावरून सिद्ध होईल ना?’ असे त्याने विचारले. माल त्याचा होता हे सिद्ध झाले असते. जमीन तो कसत होता हे सिद्ध करण्यास गावातून एकही साक्षीदार मालकाविरुद्ध पुढे येईना. आम्ही त्यास परत पाठविले. त्या पट्ट्यांचा गठ्ठा आजही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मालकास इतके भय कशाचे, हे कायदा न जाणणाऱ्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा हा आपल्याच सरकारने केलेला, आणि आमच्या मते त्या काळी अत्यंत न्याय्य असा कायदा होय. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ धरून त्याने लक्षावधी कुळांस जमिनीचे मालक केले. त्या दिवसानंतर निर्माण होणाऱ्या कुळासही कलम ३२-ओ अन्वये एका वर्षाच्या आत जमीन विकत मागण्याचा हक्क दिला. हेतू थोर होता; परंतु परिणाम काय झाला? ज्या मालकास जमीन गमवावयाची नाही त्याने कुळच कागदावरून नाहीसे केले. विदर्भ व मराठवाडा येथील कायदे निराळे आहेत, तथापि तोंडी खंडाची रीत तेथेही आहे. कसणाऱ्याच्या रक्षणार्थ केलेला कायदाच आज कसणाऱ्यास अदृश्य करून बसला आहे. इतिहासाची थट्टा पाहा: १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकाराची घरे गाठून कर्जाचे कागद जाळले, कारण त्या कागदांनी तिचा गळा आवळला होता. आज त्याच मुलखातील मळेकरी कागद नाही म्हणून गुदमरतो आहे.

आता या बिनकागदी खंडाचा आणि गुंठ्याच्या उत्पन्नाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. शेणखताचा गुण एका हंगामात संपत नाही. आज घातलेले खत पुढच्या वर्षीही जमिनीस पोसते. पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील याची ज्यास खात्री नाही तो शेणखताची गाडी कशास आणील? तो युरियाचे पोते आणतो. पंचेचाळीस किलोंचे पोते सरकारी कृपेने २६६ रुपये ५० पैशांस मिळते आणि आठवड्यात पाला हिरवागार दिसतो. परंतु नत्राच्या अतिरेकाने वाढलेला पाला कोवळा व पाणचट होतो, त्यावर मावा लवकर बसतो, आणि तोडल्यावर तो लवकर माना टाकतो. पाणी निघून जावे म्हणून चर खणणे, गादीवाफे करणे, विहिरीचा गाळ काढणे, ही सारी कामे आज खर्च व उद्या लाभ या जातीची आहेत. ज्यास उद्या नाही तो ती करीत नाही. ठिबक सिंचनास किंवा शेडनेटास सरकारी अनुदान हवे तर सातबारा दाखवा. उन्हाळ्यात कोथिंबिरीस सोन्याचा भाव येतो, कारण ऊन छत्तीस अंशांपलीकडे गेले की तिची वाढ खुंटते. तिच्यावर जाळीची सावली धरणारा चार पैसे मिळवितो. परंतु परक्याच्या जमिनीत खांब रोवण्याची परवानगी कोण देणार? अशा रीतीने एकाच शिवारात, एकाच पाण्यावर, मालकाचा वाफा आणि खंडकऱ्याचा वाफा यांत जो फरक दिसतो तो अकलेचा फरक नव्हे, तो मुदतीचा फरक आहे.

कर्जाचीही तीच कथा. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत खंडकरी, तोंडी करारावर कसणारे व वाटेकरी यांसही पात्र म्हटले आहे. नियम वाचून कोणासही वाटावे की, प्रश्न मिटला. परंतु बँकेच्या किंवा विकास सोसायटीच्या दारात गेले की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. मग हा मनुष्य आडत्याकडे जातो. येथे आमचे व्यापारी वाचक कान टवकारतील, म्हणून आम्ही मोकळेपणाने लिहितो. बी, खत, औषध यांस लागणारी उचल आडत्या देतो, आणि कागद न मागता देतो. बँकेने जेथे पाठ फिरविली तेथे तो उभा राहतो, याबद्दल त्यास दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दोष येतो तो पुढे. उचल घेतलेल्याने माल त्याच आडत्याकडे घातला पाहिजे. दुसरीकडे दर बरा असला तरी त्यास तिकडे जाता येत नाही. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली व आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. सुधारणा चांगली होती. परंतु दोर गळ्यात तसाच ठेवून कुंपणाचे दार उघडल्याने जनावर मोकळे होत नाही.

या मळ्यात राबणारी बाई तर दुहेरी अदृश्य आहे. निंदणी तिची, उपटणे तिचे, मुळांची माती झटकून जुड्या बांधणे तिचे. भल्या पहाटे टेम्पो लागावयाचा म्हणून आदल्या दिवशी दिवस कलता कलता दोन-तीन बायकांनी शेकड्यांनी जुड्या बांधावयाच्या. पालेभाजीच्या खर्चात काढणीची मजुरी हा फार मोठा भाग असतो, हे शहरात कोणाच्या ध्यानी येत नाही. सातबाऱ्यावर जेथे तिच्या नवऱ्याचेच नाव नाही तेथे तिचे कोठून येणार? आणि जिच्या कष्टाने घरोघर हिरवी भाजी पोहोचते तिच्याच राज्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न रक्तक्षयाने पीडित आहेत. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय जातो असा भोळा समज आमचा नाही. तथापि ती स्वस्त व मुबलक व्हावी ही केवळ मळेकऱ्याची गरज नाही, एवढे या आकड्यावरून दिसते.

आता पाणी. पालेभाजीची मुळे उथळ. तिला थोडे, हलके आणि वारंवार पाणी लागते. आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीपाळीने येते: एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्यात रात्री दहा तास. रात्रीच्या काळोखात बॅटरीच्या उजेडात दारे धरणाऱ्याने वाफ्यात पाणी किती गेले हे कसे पाहावे? एक वाफा तुंबतो, दुसरा कोरडा राहतो. तुंबलेल्या वाफ्यात रोपे कुजतात. जुन्नरकडे तर बिबट्याचे भय आहे. तेथे रात्री पाणी धरावयास एकट्याने जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि म्हणून दोघांनी जावे लागते. एकाची मजुरी बिबट्याच्या नावे खर्ची पडते, असे म्हणावयास हरकत नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज फुकट केली. आम्ही जेवढ्या मळेकऱ्यांशी बोललो त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असे की, फुकटची रात्रीची घेण्यापेक्षा दाम मोजून दिवसाची बरी. सूर्यप्रकाशावर चालणारी कृषिवाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि जेथे ती पोहोचली तेथे दिवसा वीज मिळू लागली आहे. सरकारने फुकटपणाचा डंका वाजविण्याऐवजी हे काम भाजीच्या पट्ट्यात आधी पुरे करावे.

पाण्याच्या गुणाविषयी शहरवासीयांनी आपल्याकडेच पाहावे. पुणे शहर खडकवासल्याचे निर्मळ पाणी पिते आणि त्याच्या बदल्यात खालच्या शेतकऱ्यांस मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्याने द्यावयाचे, अशी व्यवस्था झाली आहे. मुळा-मुठेची गणना देशातील दूषित नदीपट्ट्यांत होते, हे जगजाहीर आहे. ज्वारीस किंवा उसास असे पाणी दिले तर कदाचित् चालेल. पण पालक जमिनीला चिकटून वाढतो आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो. मळेकरी नाल्याचे पाणी वापरतो म्हणून त्यास शिव्या देणाऱ्यांनी नाला कोणाच्या घरातून निघतो एवढे आठवावे.

बियाणे व औषधे यांविषयी थोडक्यातच लिहितो. कोथिंबिरीचे बी म्हणजे धणे. ते रगडून दोन डाळी केल्या व पाण्यात भिजवून पेरले तर उगवण सारखी होते, हे जुन्या माळ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. परंतु पुडीत जुने बी निघाले किंवा दुसऱ्याच वाणाचे निघून महिन्याच्या आत फुलोऱ्यावर आले तर शहाणपण काय करील? १९६६ च्या बियाणे कायद्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले आहे, लेबलावर लिहिलेले खरे असावे इतकीच अपेक्षा आहे. आणि पस्तीस दिवसांच्या पिकाची फिर्याद चालविणारा शेतकरी अद्याप आमच्या पाहण्यात नाही. औषधांची गोष्ट अधिक गंभीर आहे. फवारणी व काढणी यांत जे दिवस जावे लागतात ते पस्तीस दिवसांच्या पिकात काढणे कठीण, आणि उचल फेडण्याची घाई असलेल्यास तर फारच कठीण. दुकानदार देतो ते औषध बहुधा टोमॅटोचे किंवा कापसाचे असते. या बाबतीत मळेकऱ्याचा दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. जे खाणाऱ्याच्या पोटात जावयाचे ते कालच फवारून आज बाजारात आणणे हे पाप आहे, आणि गरिबीने ते पुण्य होत नाही.

हवामानाचा लहरीपणा तर आता दर वर्षीचा झाला. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईस २६ मे रोजीच येऊन ठेपला; त्यापूर्वीही राज्यात जागोजाग वळवाने झोडपले होते. उभी मेथी व कोथिंबीर पाण्यात सडली. भात, बाजरी, सोयाबीन, कांदा यांस पीकविमा आहे. पालेभाजीचे नाव त्या यादीत नाही. ज्या बावीस पिकांस केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते त्यांतही भाजी नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, परंतु ती हंगामागणिक होते आणि नोंद खातेदाराच्या नावे होते. जे पीक एका हंगामात दोनदा येऊन जाते, आणि जे खातेदार लावीतच नाही, ते या वहीत दिसावे कसे?

राहता राहिला बाजार. आणि व्यापारी वाचकांशी आमचे खरे बोलणे येथेच आहे. गुलटेकडीच्या आवारात एखाद्या रविवारी कोथिंबिरीच्या लाखावर जुड्या येतात. एका आठवड्यात जुडीस वीस-पंचवीस रुपये मिळतात आणि दीड महिन्याने रुपया-दोन रुपयेही मिळत नाहीत. हे का होते? आज भाव चढला की शंभर गावांतील मळेकरी एकाच आठवड्यात धणे पेरतात, आणि चाळीस दिवसांनी त्या सर्वांचा माल एकाच आठवड्यात बाजारावर कोसळतो. मग उपटणी, जुडी बांधणी, टेम्पो व हमाली यांचा खर्चही निघत नाही, तेव्हा तो उभ्या पिकात रोटाव्हेटर घालतो किंवा शेळ्या सोडतो. वाफ्याने आपले काम केले होते. उत्पन्न पुरेपूर आले होते. परंतु मळेकऱ्याच्या हिशेबी ते शून्य झाले. आणि ज्याचे दोन वाफे असे मातीत गेले तो तिसऱ्या वाफ्यात खत, मेहनत, चांगले बी यांवर हात सैल सोडील, ही अपेक्षाच वेडेपणाची आहे. उत्पादकता कमी का, याचे अर्धे उत्तर या भावाच्या हेलकाव्यात आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधाप्रमाणे ग्राहकाने टोमॅटोस दिलेल्या रुपयापैकी शेतकऱ्यास ३३ पैसे, कांद्याच्या रुपयातून ३६ व बटाट्याच्या रुपयातून ३७ पैसे मिळतात. कांदा-बटाटा तर साठवून ठेवता येतो. जी भाजी दुसरा दिवस पाहत नाही तिच्या मालकाची सौदा करण्याची ताकद यांहून किती कमी असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. भाजी टिकविण्यास मोठमोठी शीतगृहेच हवीत असेही नाही. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून व ती पाण्याने ओली ठेवून विजेवाचून थंडावा देणारी पेटी कित्येक वर्षांपूर्वी सिद्ध केली आहे. उन्हाळ्यात तिच्यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश कमी उष्णता राहते. गावच्या टेम्पो-थांब्यावर ग्रामपंचायतीने अशा चार पेट्या बांधल्या तर संध्याकाळी उपटलेला पाला पहाटेपर्यंत ताठ राहील. आमच्या पाहण्यात त्या शेतकी प्रदर्शनांतच अधिक आल्या.

मग करावे काय? १९४८ चा कायदा मोडून काढावा असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्या कुळांस त्याने जमीन दिली, ज्यांचे दावे अद्याप चालू आहेत, त्यांच्या केसासही धक्का लागता कामा नये. परंतु यापुढे होणाऱ्या खंडास, तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने, मालकीवर कोणताही दावा उत्पन्न होणार नाही अशा स्पष्ट शब्दांत नोंदणीची वाट करून देता येते. नीती आयोगाने २०१६ साली जमीन खंडाने देण्याचा एक नमुना कायदा तयार केला. त्याचा गाभा हाच आहे. आंध्र प्रदेशाने २०११ साली खंडकऱ्यांस परवाना व कर्जासाठी पात्रतापत्र देणारा कायदा केला आणि २०१९ साली अकरा महिन्यांच्या कराराची दुसरी तजवीज केली. तेथे अनुभव काय आला? मालकाच्या सहीची अट घातल्याने पुष्कळ मालक सही करण्यास कचरले. हा धडा घेऊन आमच्या विधिमंडळाने मालकाच्या मनातील भय आधी कायद्याच्या शब्दांनी दूर करावे, आणि तरीही तो सही न देईल तर प्रत्यक्ष जागेवरील पाहणीवरून व ग्रामसभेच्या दाखल्यावरून कसणाऱ्याचे नाव, निदान मदत, विमा व कर्ज यांपुरते, लागावे अशी सोय करावी. कोणी म्हणेल, यामुळे मालक जमीन देणेच बंद करतील. आम्हांस तसे वाटत नाही. पडीक जमिनीतून एक पैसाही येत नाही, आणि हक्काचे भय गेले की, नोंदलेला खंड बुडाल्यास वसूल करावयास कोर्टही मोकळे होते. हा लाभ मालकाचाच आहे, हे आमच्या जमीनदार मित्रांनी शांतपणे लक्षात घ्यावे.

कायदा होईल तेव्हा होईल. त्यास वर्षे लागतील, हे आम्ही धंद्यामुळे इतरांपेक्षा अधिक जाणतो. एक गोष्ट मात्र आमच्या व्यापारी वाचकांस उद्यापासून करता येण्यासारखी आहे. आजचा भाव छापून मळेकऱ्याचा काही उपयोग होत नाही. उलट त्या छापलेल्या भावामुळेच तो झुंडीने पेरतो. चाळीस दिवसांनी बाजारात किती माल येणार हे आज कोणास ठाऊक असेल तर ते बियाण्याच्या दुकानदारास. तालुक्यात या आठवड्यात धणे किती पोती खपले, मेथी किती खपली, पालक किती खपला, याचा आकडा प्रत्येक दुकानदाराच्या वहीत असतो. तालुक्यातील बियाणे विक्रेत्यांनी आपापल्या दुकानाचे नाव न देता ही बेरीज दर सोमवारी एकत्र करून द्यावी. ज्या मळेकऱ्यास अद्याप पेरावयाचे आहे तो ती पाहून आठ दिवस थांबेल किंवा मेथीऐवजी राजगिरा टाकील. यात दुकानदाराचे नुकसान नाही. पीक मातीत घातलेला शेतकरी पुढच्या खेपेस बी उधारीवर मागतो, आणि ती उधारी बुडते, हा अनुभव त्यांस आमच्यापेक्षा अधिक आहे. असे आकडे आमच्या कचेरीत सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत आले तर मंगळवारच्या अंकात, बाजारभावांच्या शेजारी, ते आम्ही विनामूल्य छापू.